मराठीत एक, इंग्रजीत दोन: शब्दांच्या जोड्या शिकायची रीत

संध्याकाळचा वर्ग सुरू व्हायच्या आधी एक मुलगा मोबाईल पुढे धरून उभा राहिला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात तो नुकताच कामाला लागला होता. परदेशातल्या गिऱ्हाइकाने विचारलं होतं, माल २० तारखेपर्यंत निघेल का? याने उत्तर धाडलं, ‘वी विल शिप टिल ट्वेंटीएथ.’ त्यावर समोरून उलटा प्रश्न आला: २० तारखेनंतर तुम्ही माल पाठवणं बंद करणार आहात का?

“मॅडम, टिल म्हणजे पर्यंतच की हो,” तो म्हणाला. “डिक्शनरीत पण तेच दिलंय.”

त्याचं म्हणणं खरं होतं, डिक्शनरीत तेच दिलेलं असतं. आपला ‘पर्यंत’ दोन कामं एकटाच करतो. इंग्रजीने ती दोन कामं ‘बाय’ आणि ‘टिल’ या दोघांना वाटून दिली आहेत. मराठी-इंग्रजी डिक्शनरी दोघांसमोर ‘पर्यंत’ लिहून मोकळी होते आणि मुलगा अडकतो.

मी स्वतः मराठी माध्यमातली. वर्ग घ्यायच्या आधी काही वर्षं एका ऑफिसात इंग्रजी पत्रव्यवहार बघायचे, त्यामुळे ही अडकण मला माहीत आहे. सोलापुरात ती आणखी गुंतागुंतीची होते, कारण माझ्या वर्गातली निम्मी मुलं घरी तेलुगू नाहीतर कन्नड बोलतात, गल्लीत मराठी बोलतात आणि इंग्रजीशी त्यांची खरी गाठ पडते ती थेट नोकरीत किंवा कॉलेजात. त्यांच्यासाठी आणि तुमच्यासारख्या नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी माझी रीत पायरीपायरीने मांडते.

पायरी १: एका पानावर एकच जोडी

साधी शंभर पानी वही घ्या. मोबाईलमध्ये नको, हाताने लिहा. प्रत्येक पानावर एकच जोडी. पानाच्या मधोमध तो मराठी शब्द लिहा जो दोघांनाही चालतो, डावीकडे एक इंग्रजी शब्द, उजवीकडे दुसरा. खाली निदान अर्धं पान मोकळं ठेवा, तिथे पुढे तुमची वाक्यं येतील. दिवसाला एकच पान करा. चार पानं एका दिवशी केली की पुढच्या आठवड्यात कुठलाच शब्द कुठल्या बाजूचा ते आठवत नाही, हे मी दर वर्षी बघते.

पायरी २: सुरुवात मराठी शब्दापासून

इंटरनेटवर ‘गोंधळात टाकणारे शंभर इंग्रजी शब्द’ अशा याद्या मिळतात. त्यांपासून सुरुवात करू नका. त्या बहुतेक इंग्रजी बोलणाऱ्यांच्या चुकांवर बेतलेल्या असतात. आपल्या चुका वेगळ्या असतात, कारण त्या आपल्या भाषेतून येतात. म्हणून जिथे मराठीत एक आणि इंग्रजीत दोन असा प्रकार आहे तिथे आधी हात घाला. पहिल्या आठवड्यासाठी हे शब्द पुरेत: पर्यंत, पासून, सावली, उसनं, भाड्याने, आठवण, पगार.

घरची भाषा तेलुगू किंवा कन्नड असेल तर मधोमध तो शब्द लिहा. ‘सावली’च्या वेळी पूर्व भागातल्या तेलुगू घरची एक मुलगी म्हणाली, “आमच्यात पण नीडा एकच.” मागच्या बाकावरून कुणीतरी सांगितलं, कन्नडात ‘नेरळू’, तोही एकच. म्हणजे तिन्ही घरांतली मुलं एकाच जागी अडखळणार होती. ज्या भाषेत तुम्ही मनातल्या मनात हिशेब करता, ती तुमची सुरुवातीची भाषा.

पायरी ३: दोघांना वेगळं करणारा एक प्रश्न काढा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची. दोन शब्दांच्या व्याख्या पाठ करायच्या नाहीत. एक प्रश्न असा शोधायचा, की त्याच्या उत्तरावरून कुठला शब्द घ्यायचा ते आपोआप कळेल.

‘पर्यंत’ घ्या. प्रश्न असा: काम त्या वेळेपर्यंत सलग चालू राहणार आहे, की त्या वेळेच्या आत एकदा होऊन जाणार आहे? दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं, म्हणजे सलग, म्हणून ‘टिल’ किंवा ‘अंटिल’. माल शुक्रवारपर्यंत पोचेल, म्हणजे एकदाच, म्हणून ‘बाय’. मराठीतच एक खूण आहे. ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ घालून बघा. ‘माल शुक्रवारच्या आत पोचेल’ हे चालतं. ‘दुकान नऊच्या आत उघडं असतं’ हे चालत नाही. जिथे चालतं तिथे ‘बाय’. फक्त एवढं ध्यानात ठेवा, की ‘बाय फ्रायडे’मध्ये शुक्रवार धरलेला असतो. शुक्रवार धरायचा नसेल तर ‘बिफोर फ्रायडे’. ऑर्डरच्या कागदावर या एका दिवसावरून वाद होतात.

त्या मुलाने त्याच रात्री दुरुस्त उत्तर पाठवलं: ‘द गुड्स विल लीव्ह सोलापूर बाय द ट्वेंटीएथ.’

‘पासून’चा प्रश्न आणखी सोपा आहे. त्याच्या आधी काय आलंय, सुरुवातीची वेळ की काळाची लांबी? गड्ड्याची जत्रा संपल्यापासून, संक्रांतीपासून, २०२१ पासून या सुरुवाती आहेत, तिथे ‘सिन्स’. तीन आठवड्यांपासून, दोन वर्षांपासून या लांब्या आहेत, तिथे ‘फॉर’. ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स’ हे वाक्य सात रस्त्यापासून होटगी रोडपर्यंत प्रत्येक ऑफिसात ऐकू येतं. बरोबर वाक्य: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स.’ मुलाखतीत हेच वाक्य हमखास बोलावं लागतं, म्हणून तोंडात बसेपर्यंत म्हणा.

‘सावली’चे दोन शब्द ‘शेड’ आणि ‘शॅडो’. प्रश्न: त्यात बसता येतं, की ती नुसती दिसते? आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पार्क चौकात माणूस झाडाखाली जे शोधतो ती ‘शेड’. तिला आकार नसतो, गारवा असतो. जमिनीवर पडलेला झाडाचा काळा आकार तो ‘शॅडो’. ही जोडी मला एका टॅगमुळे भेटली. चादरीला शिवायच्या टॅगचा कच्चा नमुना छापून आला होता आणि त्यावर ‘ड्राय इन शॅडो’ लिहिलं होतं. सावलीत वाळवा, एवढंच म्हणायचं होतं. छापखान्याला पुन्हा कळवून ‘ड्राय इन शेड’ करून घेतलं.

‘उसनं’ला विचारा, वस्तू कुणाकडून निघाली? देणारा ‘लेंड’ करतो, घेणारा ‘बॉरो’. बँक ‘लेंड’ करते, कारखानदार ‘बॉरो’ करतो. पेन मागताना ‘कॅन आय बॉरो युवर पेन’ किंवा ‘कॅन यू लेंड मी युवर पेन’, दोन्ही बरोबर. ‘बॉरो मी’ कधीच नाही.

‘भाड्याने’ला विचारा, किती काळासाठी? ब्रिटिश इंग्रजीत वर्षभराचं घर ‘रेंट’ करतात आणि एका दिवसाचं मंगल कार्यालय ‘हायर’ करतात. अमेरिकेत दोन्हीला ‘रेंट’ चालतं, तेव्हा इथे फार डोकं खपवू नका.

पायरी ४: काढलेला प्रश्न खरा आहे का ते तपासा

तुम्ही स्वतः प्रश्न काढायला लागलात की काही प्रश्न चुकीचे निघतील. निघू द्यात. माझा एक मोठा चुकीचा प्रश्न आपल्या चादरीचाच होता, आणि चादर हे सोलापूरचं नाव असल्यामुळे मी तो अजून वर्गात पूर्ण सांगते.

चादरीला इंग्रजीत काय म्हणायचं? ऑफिसात सगळे ‘बेडशीट’ लिहायचे. मला वाटायचं, मराठीत अंथरूण-पांघरूण असा सरळ भेद आहे, तोच इंग्रजीत असणार: अंथरायचं ते ‘शीट’, पांघरायचं ते ‘ब्लँकेट’. प्रश्न छान जमला होता. मग एका गिऱ्हाइकाच्या पत्रात ‘टॉप शीट’ असा शब्द आला. हे शीट अंगावर घ्यायचं असतं, ब्लँकेटच्या आत. म्हणजे अंथरणं-पांघरणं हा भेदच नव्हता. मी पुन्हा डिक्शनरी उघडली आणि उदाहरणं वाचत गेले. भेद जाडीचा आणि उबेचा निघाला. ‘शीट’ पातळ, ते खाली असो की वर. ‘ब्लँकेट’ जाड, ऊब देणारं. पलंगावर सगळ्यांत वर शोभेसाठी घालतात ते ‘बेडस्प्रेड’, म्हणजे आपला पलंगपोस.

आता सोलापुरी चादर हातात घेऊन बघा. जाड सूत, जकार्डवर विणलेली नक्षी, चांगलं वजन. तिला ‘बेडशीट’ म्हटलं की परदेशातला माणूस पातळ, गुळगुळीत कापड डोळ्यांसमोर आणतो, आणि पार्सल उघडल्यावर त्याला वाटतं, मागवलं एक आणि आलं भलतंच. नुसतं ‘ब्लँकेट’ म्हटलं तर त्याला लोकर वाटू शकते. मी मुलांना ‘कॉटन ब्लँकेट’ लिहायला सांगते आणि त्याच्या आधी ‘सोलापूर चादर’ हे नाव तसंच ठेवायला सांगते. या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, ते नाव तिच्या हक्काचं आहे, भाषांतरात घालवू नका.

यावरून तपासायची पद्धत अशी: प्रश्न काढला की निदान दहा तयार वाक्यांवर तो लावून बघा. एक जरी वाक्य बसलं नाही तरी प्रश्न बदला. वाक्य सोडून देऊ नका.

पायरी ५: मुद्दाम अदलाबदल करा

दोन्ही शब्दांचं एकेक वाक्य लिहून झालं की शब्द मुद्दाम उलटे घाला आणि काय बिघडतं ते मराठीत लिहा. काही वेळा वाक्य फक्त कानाला खटकतं. काही वेळा मात्र ते व्याकरणाने ठीक राहतं आणि अर्थ फिरतो. या दुसऱ्या प्रकाराला लाल पेनाने खूण करा.

‘वी हॅव अ फ्यू ऑर्डर्स’ म्हणजे आमच्याकडे काही ऑर्डरी आहेत. त्यातलं छोटं ‘अ’ गाळलं की ‘वी हॅव फ्यू ऑर्डर्स’, म्हणजे आमच्याकडे ऑर्डरी जेमतेमच आहेत. चूक कुणाच्या लक्षात येत नाही, पण वाचणाऱ्याला वाटतं धंदा बसलाय. मराठीत हे काम दोन शेपट्या करतात, ‘थोड्याशा’ आणि ‘थोड्याच’. तुमच्या मनात ‘च’ असेल तर ‘अ’ काढा, नसेल तर ठेवा.

आठवणीचं तसंच. ‘आय विल रिमेंबर यू टुमॉरो’ असं साहेबांना लिहिलं तर अर्थ होतो, उद्या मला तुमची आठवण येईल. म्हणायचं असतं, उद्या तुम्हाला आठवण करून देईन, आणि त्याला ‘रिमाइंड’. स्वतःला आठवतं ते ‘रिमेंबर’, दुसऱ्याला आठवून द्यायचं ते ‘रिमाइंड’.

‘सेड’ आणि ‘टोल्ड’चा गोंधळही इथेच सुटतो. ‘टेल’ला लगेच पुढे माणूस लागतो: ‘ही टोल्ड मी’. ‘से’ला लागत नाही: ‘ही सेड दॅट’.

आणि एक शब्द फॉर्म भरताना सांभाळा. आपण सगळ्याच कमाईला ‘पगार’ म्हणतो. इंग्रजीत महिन्याचा ठरलेला पगार ‘सॅलरी’, आणि रोजावर, आठवड्यावर किंवा नगावर मिळते ती मजुरी ‘वेजेस’. माझ्या वर्गातल्या किती तरी मुलामुलींच्या आया घरी विड्या वळतात, हजार विड्यांमागे मजुरी ठरते. स्कॉलरशिपच्या फॉर्मवर आईच्या रकान्यात ‘सॅलरी’ लिहू नका, ‘वेजेस’ लिहा. एका मुलीने हे ऐकून विचारलं, “मग आईच्या कामाला जॉब म्हणायचं का वर्क?” मी म्हणाले, दोन्ही. ‘जॉब’ मोजता येतो, एक जॉब, दोन जॉब. ‘वर्क’ मोजता येत नाही, ‘अ वर्क’ म्हणत नाहीत. त्या दिवशी तिच्या वहीत दोन पानं झाली, आणि ती मी चालवून घेतली.

पायरी ६: देवनागरीत सारखे दिसणारे शब्द वेगळे काढा

आपण इंग्रजी शब्द मनात देवनागरीत लिहितो, त्यामुळे काही जोड्या आपल्याला एकच दिसतात. ‘वेट’ म्हणजे वजन आणि ‘वेट’ म्हणजे थांबणं. ‘लूज’ म्हणजे सैल आणि ‘लूज’ म्हणजे हरवणं. या दुसऱ्या जोडीत स्पेलिंगमध्ये दोन ओ असतील तर सैल, एकच असेल तर हरवणं. सैल हा शब्द ‘स’वर संपतो, हरवणं मऊ ‘झ’वर. ‘ॲडव्हाइस’ हा सल्ला, ‘ॲडव्हाइझ’ हे सल्ला देणं, तिथेही तोच ‘स’ आणि ‘झ’. ‘कॉस्ट’ आणि ‘कोस्ट’मध्ये ‘ऑ’ आणि ‘ओ’चा फरक सांभाळला नाही तर खर्चाचा समुद्रकिनारा होतो.

पण आपल्या गावाचा खास शब्द ‘शेड’. माग चालतात ती पत्र्याची शेड, रंगाची शेड आणि झाडाची शेड. वर्गातल्या मुलांना हे तिन्ही एकच वाटतात. रंगाची आणि झाडाची एकच आहे, एस-एच-ए-डी-ई, ‘ए’ लांब. पत्र्याची वेगळी, एस-एच-ई-डी, ‘ए’ आखूड. आणि हाच आखूड ‘शेड’ मागाच्या आतही आहे. ताण्याचे, म्हणजे उभे, काही धागे वर उचलले आणि काही खाली राहिले की मधे जी फट पडते, जिच्यातून आडवा धागा घेऊन धोटा पलीकडे जातो, तिला विणकामाच्या इंग्रजीत ‘शेड’ म्हणतात आणि ती फट पाडण्याच्या क्रियेला ‘शेडिंग’. टेक्स्टाईलच्या पुस्तकात ‘शेडिंग’ वाचून रंगकाम समजू नका.

पायरी ७: आपल्याकडचं इंग्रजी आणि बाहेरचं इंग्रजी

भारतात रुळलेले काही अर्थ बाहेर चालत नाहीत. ते चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही. आपसात खुशाल वापरा, फक्त कागद बाहेर जाणार असेल तेव्हा थांबून बघा.

आपण वर्गात ‘सर, आय हॅव अ डाउट’ म्हणतो, म्हणजे मला काही विचारायचंय. बाहेर ‘डाउट’ म्हणजे अविश्वास. ‘आय हॅव अ डाउट अबाउट युवर ऑर्डर’ वाचून गिऱ्हाइकाला वाटेल, याला माझ्या ऑर्डरचाच भरवसा नाही. तिथे ‘क्वेश्चन’ लिहा. ‘प्लीज रिव्हर्ट’ आपल्याकडे उत्तर द्या या अर्थाने चालतं. बाहेर ‘रिव्हर्ट’ म्हणजे पूर्वीच्या स्थितीला परत जाणं, तिथे ‘रिप्लाय’ लिहा.

टॉवेलच्या धंद्यात असाल तर ‘नॅपकिन’ सांभाळा. नवी पेठेतल्या दुकानात नॅपकिन म्हणजे हात-तोंड पुसायचा छोटा टॉवेल. बाहेर जेवणाच्या टेबलावर मांडीवर घेतात तो ‘नॅपकिन’, कापडाचा किंवा कागदाचा. आपल्या नॅपकिनला आकाराप्रमाणे ‘हँड टॉवेल’ किंवा ‘फेस टॉवेल’ म्हणा आणि पुढे मापं सेंटीमीटरमध्ये द्या. मापं दिली की नावात थोडी चूक झाली तरी निभावतं.

पायरी ८: अर्थ एक, बैठक वेगळी

काही जोड्यांमध्ये वेगळं करणारा प्रश्न सापडतच नाही. ‘बाय’ आणि ‘पर्चेस’ म्हणजे विकत घेणं, ‘बिगिन’ आणि ‘कमेन्स’ म्हणजे सुरू करणं, ‘हेल्प’ आणि ‘असिस्ट’ म्हणजे मदत करणं. इथे अर्थ शोधत बसू नका. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या दरबारात फ्रेंच आणि शेतावर इंग्रजी अशी वाटणी राहिली. त्यातून आणि पुढे लॅटिनमधून एकाच गोष्टीला दोन-दोन नावं आली. मेंढी राखणाऱ्याच्या तोंडी ‘शीप’ राहिलं आणि जेवणाच्या ताटात फ्रेंचांचं ‘मटन’ आलं. आपल्याकडे मात्र मटण म्हटलं की बहुतेक वेळा बोकडाचंच, हेही ध्यानात असू द्या.

मराठी माणसाला ही वाटणी समजावून सांगावी लागत नाही. घरी पाणी मागतो, सिद्धेश्वराच्या अभिषेकाला जल म्हणतो. ‘मला जल दे’ असं कुणी आईला म्हणत नाही. ‘पर्चेस’, ‘कमेन्स’, ‘असिस्ट’ ही जल-मंडळी. कराराच्या कागदात शोभतात, मित्राच्या मेसेजमध्ये जड होतात. नव्याने शिकणाऱ्याने पहिलं वर्षभर पाण्याचेच शब्द वापरावेत असं माझं मत आहे. मोठे शब्द घातले की इंग्रजी चांगलं दिसतं हा समज मुलांच्या डोक्यातून काढायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागतो.

पायरी ९: इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी, आणि शेवटची पानं

पन्नास पानं झाली की शिकणाऱ्यांसाठी बनवलेली इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी वापरायला लागा. तिच्यात सोप्या इंग्रजीत अर्थ आणि भरपूर वाक्यं असतात. अर्थ वाचायच्या आधी वाक्यं वाचा.

वहीची शेवटची दहा पानं उलट्या जोड्यांसाठी ठेवा, म्हणजे मराठीत दोन आणि इंग्रजीत एक. त्यांतली पहिली ‘आम्ही’ आणि ‘आपण’. इंग्रजीत दोघांना ‘वी’. तेलुगूतही आपल्यासारखेच दोन आहेत, ‘मेमु’ आणि ‘मनम्’, कन्नडात मात्र एकच ‘नावु’, त्यामुळे या पानावर वर्गात कन्नड घरची मुलं इतरांना समजावतात की एका शब्दात कसं भागवायचं. गिऱ्हाइकाला ‘वी विल पे द फ्रेट’ लिहिलंत तर माल वाहून नेण्याचं भाडं फक्त तुम्ही भरणार की दोघं मिळून, हे त्याला त्या ‘वी’वरून कळणार नाही. ‘आम्ही’ म्हणायचं असेल तर ‘वी’च्या जागी कंपनीचं नाव घाला. ‘आपण’ म्हणायचं असेल तर ‘यू अँड वी टुगेदर’ असं उघड लिहा, आणि मगच पाठवायचं बटण दाबा.